कच्चं चालतं, शिजलेलं चालत नाही

बापानं मायच्या हातच्या पुरणपोळ्या लिलावात स्वतःच विकत घेतल्या. दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही.

हंगामाच्या सणातली गोष्ट. आमचं गाव सेनगावच्या रस्त्यावर. गावातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये पीक घरात आलं की हा सण होतो. ज्यानं-त्यानं आपल्या रानातलं, घरातलं काही ना काही वेदीपुढं आणून ठेवायचं. तूर, सोयाबीन, भोपळा, अंडी, कोंबडी. उपासना संपली की बाहेर लिंबाखाली त्याचा लिलाव. पैसा देवाच्या कामाला. त्या वर्षी मायनं पोळ्या केल्या. मी सातवीत असेन. टोपलं मीच डोक्यावर नेलं, मिरवत.

लिलाव पुकारायचे मिशन शाळेचे हेडमास्तर. शेजाऱ्याच्या तुरीला झटक्यात बोली लागली. आमच्या चुलतीच्या कोंबडीसाठी तर दोघं हट्टाला पेटले. मग मास्तरांनी आमच्या टोपल्यावरचं फडकं उचललं.

"पुरणाच्या पोळ्या. बोला."

कुणी बोलेना. बंगल्यातल्या बाया पदर सावरत बसल्या. बंगल्यातल्या म्हणजे मिशनच्या आवारात राहणाऱ्या. मास्तर, कंपाउंडर, नर्स यांची घरं. त्यातली एक दुसरीला म्हणाली, आम्हाला चांगलं ऐकू येईल अशी,

"मांगवाड्यातलं शिजलेलं कोन खाईल बाई?"

बापानं हात वर केला. लोक हसले. मास्तरही हसले. "घ्या, घरचं घरी," म्हणाले. माय जमिनीकडं बघत उभी होती. घरी येऊन आम्ही त्या पोळ्या खाल्ल्या. टाकून द्यायची ऐपत नव्हती. मला त्या गोड लागल्या, याचाच मला राग आला.

पुढच्या वर्षी तेव्हाच्या पास्टरांनी उपासनेत गोड आवाजात सांगितलं, खालच्या आळीनं, म्हणजे आमच्या मांगवाड्यानं, सोयीसाठी कच्चंच आणावं. सोय कुणाची, ते नाही सांगितलं. बंगल्यातले केक मात्र येत राहिले. त्यांच्यावर उड्या पडत. केक काय झाडाला लागतो? पण हे विचारायचं नसतं. तहसीलात मांग म्हणून सवलत मागायला गेलं की बाबू म्हणतो, तुम्ही ख्रिश्चन. चर्चमध्ये टोपलं नेलं की बंगल्यातले म्हणतात, तुम्ही मांग. येशूनं आम्हाला जवळ केलं असेल, त्याच्या माणसांनी नाही केलं.

बाप आता नाही. मी आखाडा बाळापूरला एका दवाखान्यात नर्स आहे, रविवारी गावी येते. यंदा चर्चचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं. त्या हेडमास्तरांचा मुलगा आता चर्चचा सेक्रेटरी आहे. त्याचा फोन आला.

"ताई, तुमचा आवाज चांगला हाय. चर्चचा इतिहास तुमी वाचा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आपल्या आळीतली पोर वर उभी राहून वाचणार. मग त्यानं टाइप केलेला कागद पाठवला. परदेशी साहेब घोड्यावरून आले. हेडमास्तरांचे पणजोबा, 'प्रतिष्ठित घराण्यातले', पहिले ख्रिस्ती झाले. बंगला झाला, शाळा झाली, घंटा आली. सगळ्यात खाली एक ओळ होती. 'पुढे गोरगरीब लोकही प्रभूकडे वळले.'

पुढे. आणि लोकही.

आमच्या आळीत शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट वेगळी आहे. बापाला त्याच्या आज्यानं सांगितली, मला बापानं. साहेब आला तेव्हा गावात त्याला कुणी पाणी पाजलं नाही. आमच्या आळीनं पाजलं. आमच्याच एका छपराखाली तो राहिला. पहिलं प्रभुभोजन झालं, म्हणजे येशूच्या नावानं सगळ्यांनी एकच पाव मोडून खायचा विधी, तेव्हा पाव कुठून येणार? आमच्या चुलीवरची ज्वारीची भाकरी मोडली. साहेबानं ती खाल्ली. हेडमास्तरांच्या पणजोबांनीही खाल्ली. तेव्हा ते आमच्याच आळीत राहत होते, आमच्याच भावकीतले. ह्या चर्चचा पहिला घास मांगवाड्यात शिजला.

मी सेक्रेटरीला फोन केला. त्या कागदात भाकरीचंही घालायचं, असं म्हणाले. तो म्हणाला,

"ताई, ते काहून काढता आता? पाहुणे येऊन राहिले. इतिहास वाचायचा, घरची गाऱ्हानी न्हाई."

मायला सांगितलं तर ती म्हणाली, "देलं ते वाच. कशाला वाकडं घेतीस?" माय अजून दर सणाला कच्ची तूरच नेते, निवडून, पाखडून. तिच्यावरच मी जास्त चिडले.

वर्धापनदिनाला मी उभी राहिले आणि वाचायला लागले. 'प्रतिष्ठित घराण्यातले' इथं जीभ अडली. पुढं जाईचना. कागद घडी करून बाजूला ठेवला आणि भाकरीची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "आमच्या चुलीवरची भाकरी खाऊन हे चर्च उभं राहिलं. त्याच चर्चात माझ्या मायच्या पोळ्यांना बोली लागली नाही."

माईक बंद पडला. "लाईट गेली," कुणीतरी म्हणालं. डोक्यावर पंखे फिरत होते.

लगेच गाणं सुरू झालं, मग प्रभुभोजन. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून ते घ्यायचं असतं. आधी बंगल्यातले उठतात, मग बाकीचे, शेवटी आमची आळी. असं कुणी ठरवलेलं नाही, पण असंच होतं. आमची रांग उठली. माय उठली, माझा दंड धरून ओढायला लागली. मी बसून राहिले. हल्लीचे पास्टर मनानं वाईट नाहीत. ते पावाचं तबक घेऊन माझ्या बाकापाशी आले.

"ये बेटा, राग सोड."

"पास्टरसाहेब, तुमच्या हातची भाकर मी खाते. माझ्या हातची हे लोक खातील का, तेवढं विचारा."

त्यांनी विचारलं नाही. तबक घेऊन परत गेले.

बाहेर आवारात सेक्रेटरी आडवा आला. "जमत नसंल तर हिंगोलीला जा. तिथं चर्चं काय कमी हायेत?"

म्हणजे आमच्या चर्चमधून आम्हीच निघायचं. मी त्याला तिथंच सांगितलं, कुठं जाणार नाही. दर रविवारी येणार. मधल्या बाकावर बसणार, गाणी म्हणणार. पण त्या कठड्याशी गुडघे टेकणार नाही. ज्या दिवशी बंगल्यातली माणसं आमच्या आळीत येऊन, आमच्या चुलीपुढं बसून, चारचौघांदेखत जेवतील, त्या दिवशी उठेन. तोवर पास्टरसाहेबांनी दर वेळी माझ्यापुढं यावं, थांबावं आणि तबक तसंच परत न्यावं. सगळ्यांनी ते बघावं.