चाळीसपैकी बारा

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, माझ्या घरात, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, एक माणूस बैलाच्या कपाळावर घण घालतो आहे. घण अजून पडलेला नाही. बैलाचा एक डोळा आपल्याकडे आहे, आणि त्या डोळ्याला सगळं कळलेलं आहे. मी हे चित्र आणलं तेव्हा नवरा म्हणाला, "यार, आपण व्हेजिटेरियन ना? ह्याच्यासमोर वरणभात कसा गिळायचा?" गिळता येतो. सवय होते. त्या वर्षी टीव्हीवर इराक चालू होतं आणि त्याच्यासमोरही आम्ही रोज जेवतच होतो.

चित्र घेतलं ते एका गॅलरीतून. चीजचे तुकडे काड्यांना टोचून ठेवलेले, कुजबुजत बोलणारी माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात एक गुळगुळीत पत्रक. 'हिंसेचं मूक काव्य' असं काहीतरी त्यात होतं. चित्रकार कोपऱ्यात उभा होता. सत्तरी ओलांडलेला, मानेने जाडजूड, कोट कोणाचा तरी मागून आणल्यासारखा. मी त्याला ते वाक्य वाचून दाखवलं.

"काव्य?" तो म्हणाला. "मी तिथे नोकरीला होतो, बाई. घण घालायचा, जनावर पडायचं, पुढचं आत यायचं. दुपारी सँडविच खायचं."

शिकागोच्या कत्तलखान्यातून तो कोरियाच्या लढाईवर गेला. परत आल्यावर बॉक्सिंगच्या जिममध्ये बसून फुटलेल्या भुवया आणि सुजलेले ओठ काढत राहिला. मग एका कॉलेजात लिथोग्राफी, म्हणजे दगडावर चित्र काढून ते छापणं, शिकवायला लागला. एका विद्यार्थिनीचं चित्र चुकलं, तेव्हा विभागप्रमुखाने तिला धडा मिळावा म्हणून तिच्या दगडावर आम्ल ओतलं. ह्याने विभागप्रमुखाचा जबडा मोडला. पत्रकात ह्या प्रसंगाला 'अध्यापनातून लवकर निवृत्ती' असं नाव होतं. पुढची कित्येक वर्षं त्याला कोणी विचारलं नाही. दोन हजार एकला न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यानंतर हा गृहस्थ एकदम समयोचित आहे असा गॅलरीला साक्षात्कार झाला.

तो आमच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहायचा, म्हणजे अमेरिकेच्या मानाने नात्यातलाच.

त्या उन्हाळ्यात आई नागपूरहून आली. तिने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आल्या आल्या ती चित्रासमोर उभी राहिली, बैलाकडे तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बारा भागिले चाळीस. हे काय गं?"

"लिमिटेड एडिशन आहे, आई. लिथोग्राफच्या फक्त चाळीस प्रती काढल्या. त्यातली ही बारावी. शेजारी त्याची सही."

"लिथोग्राफ म्हणजे शिळाप्रेसच ना? आमच्याकडे शिळाप्रेसची पोथी होती. तिला कोणी मार्क दिले नव्हते." तिने पुन्हा वाकून पाहिलं. "चाळीसपैकी बारा. दोन मार्कांनी नापास चित्र आणलंस तू."

मी त्याला चहाला बोलावलं तेव्हा आईने हे त्याच्या तोंडावर, स्वतःच्या इंग्रजीत सांगितलं: "सर, ओन्ली ट्वेल्व्ह? यू आर फेल." तो इतका हसला की खोकल्याने जांभळा पडला. तेव्हापासून तो तिला 'टीचर' म्हणायचा आणि आई दर शनिवारी फॉइलमध्ये थालीपीठ गुंडाळून त्याच्या गॅरेजात जायची. दुभाषी म्हणून मी मागे.

त्या गॅरेजात छापायचं यंत्र होतं आणि एका फळीवर तो बैलाचा दगड होता. एरवी प्रती काढून झाल्या की दगड घासून चित्र पुसायचं, नाहीतर धारदार लोखंडी पात्याने त्यावर आडवंतिडवं खरवडायचं, म्हणजे पुन्हा कोणी छापू नये. ह्याला ते दगड कॅन्सल करणं म्हणतात. बाकीचे सगळे दगड त्याने पुसले होते. हा एकच राहिला होता.

"का?" मी विचारलं.

"त्याच बैलाला दुसऱ्यांदा मारवत नाही."

पानगळ सुरू झाली आणि त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात कायमचा गेला. गॅलरीवाला फुलं घेऊन आला, मग फुलांशिवाय आला, आणि दगड 'सुरक्षित' ठेवायचं बोलू लागला.

"मी मेलो की तो आणखी शंभर काढणार," म्हातारा आम्हाला म्हणाला. "मी चाळीस जणांना पेन्सिलीने लिहून दिलंय की चाळीसच आहेत. त्याला काय त्याचं? मेलेल्या माणसाच्या सह्या त्याला फार सुंदर येतात."

पुढच्या शनिवारी गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर एक व्हॅन उभी होती. आत म्हातारा आणि गॅलरीवाला दगडाला दोन बाजूंनी झोंबत होते. गॅलरीवाल्याच्या अंगात उंटाच्या रंगाचा सुरेख कोट. म्हाताऱ्याने डाव्या हाताने शाईचा रूळ उचलला आणि त्याच्या कानशिलावर हाणला. काळा पट्टा गालापासून कॉलरपर्यंत उतरला. तो किंचाळला. त्याने म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी ढकललं, म्हाताऱ्याचं कपाळ यंत्राच्या लोखंडी दांड्यावर आपटलं आणि रक्त नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली आलं. तरी त्याने गॅलरीवाल्याचं मनगट दातांत पकडलं. दात त्याचे स्वतःचे होते. मला ते ऐकू आलं.

"एऽऽ!" आई ओरडली. "स्टॉप इट! स्टँड देअर!"

तो आवाज सातवी बच्या मागच्या बाकांसाठी वापरलेला होता. गॅलरीवाला खरोखरच भिंतीला टेकून उभा राहिला, मनगट छातीशी धरून.

म्हाताऱ्याने डाव्या हाताने लोखंडी पातं उचललं आणि दगडावर टेकवलं. एका हाताचा जोर पुरेना, पातं घसरलं, दगडावर फक्त रक्ताचे थेंब पडले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. मोडलेलं कुठे आहे ते मी सांगते, मोडत नाही. माझे हात फॉइलवरून सुटेनात.

आईने पदर खोचला. "कुठून कुठे, विचार त्यांना."

त्याने बोटाने एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दाखवलं, मग दुसऱ्या कोपऱ्यातूनही तसंच.

"फुली मारायची," आई म्हणाली. "मग तसं सांगा ना."

तिने पातं दोन्ही हातांत धरलं आणि अंगाचं वजन टाकलं. दगड ओरडला. जनावर ओरडावं तसा नव्हे, खडू उलटा धरल्यावर फळा ओरडतो तसा, पण थांबेचना. पहिली रेघ घणातून, माणसाच्या खांद्यातून गेली. पांढरी भुकटी तिच्या पातळावर उडत होती.

"मॅडम," गॅलरीवाला भिंतीपाशीच म्हणाला, "तुम्ही काय नष्ट करताय ह्याची तुम्हाला कल्पना आहे का?"

"काय म्हणतोय?"

"काय करतेस ते कळतंय का, असं विचारतोय."

"पेपर तपासतेय म्हणावं." आणि दुसरी रेघ तिने बैलाच्या डोळ्यातून ओढली.

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. गॅलरीवाला निघून गेला. व्हॅनचं दार त्याने तीनदा आपटलं, पहिल्या दोन वेळा ते लागलं नाही.

दगड मेला ह्याचा पुरावा म्हणून शेवटची एक प्रत काढायची असते. म्हाताऱ्याने सांगितलं तसा मी दगड ओला केला, शाई फिरवली, कागद ठेवला, दांडा ओढला. दांड्यावरचं रक्त अजून ओलं होतं. कागद सोलून काढला तर काळ्या कत्तलखान्यावर पांढरीशुभ्र फुली. छापताना सगळं उलटं होतं, डावं उजवं होतं. फुली मात्र होती तशीच आली.

त्याने पेन्सिल आईपुढे धरली. आकडा तू लिही, टीचर.

"फुली मारलेल्या उत्तराला मार्क नसतात, सांग त्यांना."

मी सांगितलं. त्याने मान डोलावली, कागद गुडघ्यावर घेतला आणि डाव्या हाताने सही केली. बराच वेळ लागला. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी, शेवटचं तर रेघेखाली पडलेलं.

"काय घाणेरडं अक्षर," आई म्हणाली आणि त्याच्या कपाळावर पदर दाबून धरला.

पण तसली सही गॅलरीवाल्याला सात जन्मांत जमली नसती.