डबीतलं पाणी

माझ्या स्तनातल्या गाठीचा सुईने काढलेला तुकडा एका डबीत, तो टिकवणाऱ्या औषधात बुडवलेला होता, आणि ती लॅबमध्ये पोचवायचं काम ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस; दुसऱ्याच्या हातचा चहासुद्धा तपासून पितो. त्यामुळे मी निर्धास्त होते. चुकलंच माझं.

आठवड्याने रिपोर्ट आला: हार्मोन रिसेप्टर निगेटिव्ह. म्हणजे गाठीतल्या पेशींत हार्मोन पकडणारी जागाच नाही, आणि हार्मोनला रोखणारी रोजची साधी गोळी मला लागू पडणार नव्हती. ह्यांनी जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणाले, "शनिवारी गेलो तर लॅब बंद झाली होती. परत येताना बसमध्ये त्या औषधाचा फार वास येत होता, शेजारचे गृहस्थ कुरकुरले. मग स्वारगेटला ते ओतून दिलं आणि पाणी भरलं. घरून नेलेलं, उकळलेलं. सोमवारी डबी दिली."

"उकळलेलं का? मग काय, उपकारच झाले," मी म्हटलं.

तडक लॅब गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तुकड्याचा पातळ काप लावलेली जुनी काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावली. तुकड्याच्या कडेला थोडी निरोगी ग्रंथी होती. तिच्यात तरी रिसेप्टर दाखवणारा तपकिरी रंग चढायलाच हवा होता, तोही नव्हता. "पाण्यात तुकडा खराब झालाय. हा रिपोर्ट धरायचा नाही," त्या म्हणाल्या. गाठीतून पुन्हा तुकडा काढला.

नवी काच तयार झाल्यावर त्यांनी मलाच डोळा लावायला सांगितलं. निळसर पसाऱ्यात तपकिरी ठिपकेच ठिपके. "जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात, पण रिसेप्टर बनवणारं जनुक इथं जोरात चालू आहे," बाई म्हणाल्या. मी थक्क झाले. पाळी जाऊन बारा वर्षं झाली, मी ते सगळं विसरूनही गेले होते, आणि ह्या पेशी अजून हार्मोनची वाट बघत बसल्या होत्या. माझ्याच अंगात, मला न विचारता. खरं तर भीती वाटायला हवी होती. मला हात जोडावेसे वाटले.

"मग गोळी लागू पडेल?" ह्यांनी विचारलं.

"दाट शक्यता आहे."

हे खुर्चीवरून उठेचनात. "आणि मी बोललोच नसतो तर?"

मी टोमणा शोधला, सापडला नाही. मग ह्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.