पांढरी चार ते काळी एक

माझ्या मास्तरांनी मला पेटी वाजवायला कमी आणि खाली यायला जास्त शिकवलं.

सांगलीत नदीकडं उतरणाऱ्या एका बोळात ते राहायचे. तरुणपणी नाटक कंपनीत पेटीवर होते. कंपनीचा मुख्य नट दिसायला राजा, पण गायला लागला की दर अंकाला थोडा थोडा घसरायचा. लोकांना कळू नये म्हणून मास्तर त्याच्या मागं मागं पट्टी बदलत गुपचूप खाली यायचे. पट्टी म्हणजे गाणं ज्या सुरावरनं धरतात तो सूर. पेटीवरच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांना नंबर असतात, म्हणून पांढरी चार, काळी दोन असं म्हणायचं. पंधरा वर्षं असं उतरून उतरून साथीबद्दल मास्तरांचा एक विचार पक्का झाला होता.

"गाणारा पडला तर तो पडला असं दिसता कामा नये. जमीन वर आली असं वाटलं पाहिजे."

शिकवणी अशी चालायची. मास्तर चहा पीत पीत एखादं पद धरायचे आणि मध्येच, काही न सांगता, अर्धा सूर खाली सोडायचे. मी वरच राहिलो की बशी खाली ठेवायचे.

"कुठं राहिलास?"

"वर, मास्तर."

"वर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग तिथं एकटा काय करतोस? खाली ये."

दोन वर्षांत मी असा तयार झालो की समोरच्यानं नुसती जांभई दिली तरी माझी बोटं एक पट्टी खाली यायची. नकला करायची खोड मला शाळेपासनंच. त्या नटाला मी जन्मात बघितलं नव्हतं, तरी त्याची नक्कल करायचो. मास्तर डोळे पुसत हसायचे आणि म्हणायचे, "अगदी असाच पडायचा रे, अगदी असाच."

आमचं घर माण तालुक्यातलं. आम्ही नव्यानं बौद्ध झालेले, गावात वंदनेला पेटी मीच धरायचो. मामा मुंबईला गिरणीत होता. त्याचं पत्र आलं, "पेटीवर कुठं चिकटलास तर चिकट. न्हाईतर वर्ष सरलं की हिकडं ये. जॉबरला सांगून ठेवलंय." जॉबर म्हणजे गिरणीत माणसं कामाला लावणारा मुकादम. मला गिरणीत जायचं नव्हतं. तिथं कापड विणायचे साचे दिवसभर गातात, आणि त्यांना साथ लागत नाही.

तेवढ्यात साताऱ्याच्या एका चर्चमध्ये पेटीवाला पाहिजे असं कळलं. तिथल्या जुन्या बाई लेकीकडं पुण्याला गेल्या होत्या. पाळकसाहेबांनी माझा हात ऐकला आणि म्हणाले, "करून बघू. नाताळापर्यंत जमलं तर कायम." मी मामाला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "बुद्धाला वाजवलं, नाटकवाल्याकडं शिकलास, आता येशूला वाजीव. म्हंजे फकस्त दर्गा ऱ्हायला."

चर्चमध्ये पायपेटी होती. खुर्चीवर बसायचं, दोन्ही पायांनी भाता मारायचा, म्हणजे बोटं गाणार आणि पाय सायकल चालवणार. मंडळी चौदा. दवाखान्यातल्या सिस्टरबाई, एक कंपाउंडर, दोन शिक्षक, आणि सगळ्यांच्या मध्ये सुभेदार. फौजेतनं निवृत्त झालेला माणूस. छाती पिंपाएवढी, आवाजही त्या पिंपातनंच यायचा. बाकीचे तेरा जण पुस्तकाकडं कमी आणि सुभेदाराच्या तोंडाकडं जास्त बघून गायचे.

पहिल्या रविवारी पाच कडव्यांचं गीत होतं. पांढरी चारवर धरलं. पहिलं कडवं संपता संपता सुभेदार अर्धा सूर खाली. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. म्हटलं, याच्यासाठीच तर दोन वर्षं घातली! दोन कडव्यांच्या मध्ये पेटीचा एक छोटा तुकडा असतो, त्यात हळूच पांढरी तीनवर आलो. पुढच्या तुकड्यात काळी दोन. मग पांढरी दोन. शेवटचं कडवं काळी एकवर. घाट उतरल्यासारखे आम्ही झोकात खाली आलो, एकाही उतारूला धक्का नाही. सिस्टरबाईंचा आवाज तेवढा शेवटी विहिरीतनं आल्यासारखा वाटत होता.

पाळकसाहेब धावतच आले. "शेवटचं कडवं काय गंभीर झालं हो! आमच्या जुन्या बाईंना हे कधी साधलं नाही."

झालं. सात महिने, दर रविवारी, कुठलंही गीत असो, मी मंडळींना पायरी पायरीनं खाली आणून सोडायचो. मनात म्हणायचो, सुभेदाराला कळतही नाही बिचाऱ्याला. कसला हात आहे आपला!

नाताळच्या आधी पत्र आलं. सांगलीत सगळ्या चर्चच्या मंडळींचा गायनाचा मेळावा होता आणि कोण यायचं ते ठरवायला मिशनच्या एक गोऱ्या मिससाहेब गावोगाव फिरत होत्या. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"मंडळी निवडली गेली तर तुम्ही कायम."

"आणि नाही गेली तर?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "मिससाहेब ग्रामोफोन द्यायचं म्हणतायत. गीतांच्या तबकड्या आहेत, नुसती पेटी वाजवलेल्या. त्याला म्हणे आजारपण नसतं."

म्हणजे एकीकडं सांगली आणि दुसरीकडं गिरणी. मधे मी, सायकल मारत.

मिससाहेब आल्या. काडीसारख्या उंच, पांढरा झगा, आणि मराठी अशी शुद्ध की ऐकताना आपणच परदेशी आहोत असं वाटावं. त्यांच्याकडं एक गोल चपटी शिट्टी होती. पाहिजे तो सूर फुंकायचा. त्यांनी गीताच्या आधी पांढरी चार फुंकली. आम्ही पाच कडवी गायलो, घाट उतरलो, काळी एकवर थांबलो. पाळकसाहेबांनी गंभीरपणे डोळे मिटले. मिससाहेबांनी परत पांढरी चार फुंकली. ती शिट्टी आमच्या डोक्यावरनं कावळ्यासारखी ओरडत गेली.

"आपण जेथून निघालात तेथे पोहोचला नाहीत," त्या म्हणाल्या. "आपण चार घरे खाली आला आहात. हे का बरे झाले?"

सुभेदार ताडकन उभा राहिला. "मिससाब, गलती आमची न्हाई. ह्यो पोरगा दर कडव्याला खाली येतो, म्हणून आमी येतो."

माझे पायच थांबले. पेटीनं एक मोठा सुस्कारा सोडला. "मी? आवं सुभेदारसाहेब, तुमीच उतरता! तुमाला धरून मी येतो!"

"मी कवा उतरलो?"

"पहिल्या रविवारी! पहिल्याच कडव्याला!"

"आरं गड्या, पहिल्या रविवारी मला पडसं झालं हुतं!"

"मग दुसऱ्या रविवारी?"

"दुसऱ्या रविवारी तू खाली गेलास. म्हटलं पोरगं नवं हाय, वर झेपत नसंल, सांभाळून घ्यावं. पेटीला एकटीला मोर्चावर सोडून आमी वर गात बसायचं व्हय?"

"आणि आम्ही सुभेदारांना सोडून कसं गाणार?" सिस्टरबाई म्हणाल्या. "माझा तर घसा बसला सात महिने."

मिससाहेबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "कृपया मंडळींनी वाद्याशिवाय गावे." मंडळी पेटीशिवाय गायली. पाच कडवी. शिट्टी फुंकली. पांढरी चार, जिथल्या तिथं.

"आता वाद्याने मंडळींशिवाय वाजवावे."

मी बसलो. मनाशी शपथ घेतली की मेलो तरी हलणार नाही. पहिलं कडवं झालं. मधला तुकडा आला आणि बोटं आपली आपण पांढरी तीनवर जाऊन बसली. कुणी गात नव्हतं, कुणी जांभईही देत नव्हतं. तुकडा आला की बोटं खाली. मागं मंडळी कुजबुजत मोजत होती, "तीन... आता दोन..." मी काळी एकवर येऊन थांबलो आणि मान खाली घातली. मला जॉबर दिसायला लागला.

मिससाहेबांनी बरोबर आणलेला ग्रामोफोन पाळकसाहेबांनी मधल्या टेबलावर ठेवला. वस्तू नवी, त्यामुळं त्यांना चावीची फार भीती. "स्प्रिंग तुटली तर साताऱ्यात मिळत नाही," म्हणत त्यांनी जपून दहाच वेढे दिले. सुई ठेवली. आतली पेटी काय सुंदर वाजत होती! सरळ, थंड, खालच्या पट्टीकडं ढुंकूनही न बघणारी. मंडळी तिच्याबरोबर गायला लागली. एक कडवं, दोन कडवी. मी पिशवीत माझी वही भरायला लागलो.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यात ग्रामोफोन दमला.

आधी कळलं नाही. मग पेटीचा आवाज जड झाला, जाड झाला, आणि बैलगाडीसारखा कुरकुरत खाली खाली जायला लागला. माझ्यासारखा पायरीपायरीनं नाही, नुसता घरंगळत. पाळकसाहेब चावीकडं धावले, पण हात लावायला घाबरले. आणि मंडळी? मंडळींनी साथ सोडली नाही. सुभेदारानं हातानं खूण केली, "लाइन में रहो!" आणि चौदाच्या चौदा जण ग्रामोफोनबरोबर उतरले. सुभेदार पिंपाच्या तळाशी गेला. सिस्टरबाई नुसतं तोंड हलवत होत्या. तबकडी एका शब्दाच्या मधोमध थांबली, आणि मंडळी तोंडं उघडी ठेवून पुढच्या अक्षराची वाट बघत उभी राहिली.

पाळकसाहेबांनी सुई उचलून बाजूला ठेवली.

"मिससाहेब," ते म्हणाले, "हा मुलगा निदान प्रत्येक पायरीवर थांबतो तरी."

मिससाहेबांनी शिट्टी पर्समध्ये टाकली. त्यांच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला. "सांगलीत," त्या म्हणाल्या, "आपण सर्वांनी एकाच मजल्यावर राहावे."

आठ दिवस सुभेदार माझ्या मागं उभा राहिला. मधला तुकडा आला की अंगठा पाठीत रुतवायचा आणि म्हणायचा, "हाल्ट!" सांगलीतही तो तसाच उभा होता. पाचही कडवी आम्ही पांढरी चारवर गायलो. सिस्टरबाईंचा शेवटच्या कडव्यातला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी पाय मारायचंच विसरणार होतो.

शेवटच्या रांगेत माझे मास्तर बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझा कान धरला.

"तू हललाच नाहीस. सगळे वरच होते का रे?"

"व्हय मास्तर. सगळेच."

"मग ठीक," ते म्हणाले आणि कान सोडला.

मामाला मी दोन ओळी लिहिल्या: चिकटलो. दर्ग्याचं बघू.

साताऱ्याला परतताना पाळकसाहेब गाडीत माझ्या शेजारी होते. कराड मागं पडलं. मग हळूच म्हणाले, "सगळं उत्तम झालं. पण शेवटचं कडवं... ते गंभीर नाही वाटलं हो."

मागच्या बाकावरनं सुभेदारानं माझ्या पाठीत अंगठा रुतवला. मी वळून बघितलं, त्यानं बोटानं खाली खूण केली.

पुढच्या रविवारी आम्ही पांढरी चारवरनं निघालो आणि काळी एकवर उतरलो. या वेळी सगळ्यांनी मिळून, ठरवून.