पोरीला इलेक्ट्रिकल कशाला?

"आई, तू मधे बोलू नकोस! माझी पोरगी वायरीला हात लावणार नाही. विषय संपला."

"संपला कसा? फॉर्म तिचा, नववी तिची. तुला कुणी विचारलं?"

"सही माझी लागते ना? नाही करत, जा!"

हा माझा मुलगा मिलिंद. वीस वर्षं वायरमन. त्याच्यासमोर माझी नात प्रज्ञा, आठवी पास, हातात नववीचा फॉर्म. आमच्या शाळेत नववीला एक विषय आपल्या पसंतीचा घेता येतो: संस्कृत, ब्युटी, ऑटोमोबाइल, नाहीतर इलेक्ट्रिकल. प्रज्ञाने इलेक्ट्रिकलवर टिक केली होती. दुपारी एकपर्यंत बापाची सही झाली नाही, तर ज्या वर्गात जागा उरेल तो विषय शाळा गळ्यात मारणार. आणि हे सगळं चालू होतं विक्रोळीत, शाळेच्या प्रयोगशाळेत, भरल्या रांगेसमोर!

मी याच प्रयोगशाळेत अटेंडंट होते. रिटायर झाले तरी फॉर्मच्या दिवशी हेडबाई मला बोलावतात. रडणाऱ्या आया आणि ओरडणारे बाप दुसऱ्या कुणाला आवरत नाहीत. हे मी नाही म्हणत, हेडबाई म्हणतात. तर इतक्या वर्षांत किस्से साचणारच. एक सांगायला घेतला की मागचे चार रांग मोडून पुढे येतात. वरवर हसण्यासारखे आहेत. पण खरं सांगू? प्रत्येकाच्या तळाशी कुणीतरी टरकलेलं आहे. तेरा वर्षांचं पोर एक टिक करतं, आणि आईबापांना तीस वर्षांचा बेकार माणूस दिसायला लागतो!

* * *

एका मुलीने विषय पेन्सिलने लिहिला. तिथेच चुकली. रात्री आईने खोडून 'संस्कृत' लिहिलं. सकाळी बापाने ते खोडून 'ऑटोमोबाइल' लिहिलं. पोरीने रिक्षात पुन्हा खोडून 'ब्युटी' लिहिलं. शाळेच्या गेटवर मामा भेटला, त्याचंही मत होतं!

फॉर्म टेबलावर आला तेव्हा त्या जागी कागदाला भोक पडलेलं. आमच्या क्लार्कबाईंनी तो उजेडासमोर धरला, त्या भोकातून चौघांकडे एकेक करून बघितलं आणि विचारलं, "हा विषय शिकवायला आपल्याकडे कोण आहे?"

* * *

सुर्वे म्हणून एक पालक होते, बसवर कंडक्टर. मार्क पडतात म्हणून मुलाला संस्कृत घ्यायला लावलं. मुलगा काही पाठ करेना. सुर्व्यांची झोप उडाली. पोरगा नापास झाला तर दोष आपला! शेवटी स्वतःच पुस्तक घेऊन बसले. ड्युटीवर तिकिटं देता देता, डोळे अर्धे मिटून, घामाघूम होऊन पुटपुटायचे, "देवः देवौ देवाः... देवम् देवौ देवान्..."

एक म्हातारी घाबरून दारापाशी आली. "अहो कंडक्टर, ब्रेक फेल झालाय का? मला आधी उतरवा, मग देवाचं नाव घ्या!"

* * *

ब्युटीची पहिली प्रॅक्टिकल परीक्षा. भुवया कोरायच्या होत्या आणि मॉडेल आलीच नाही. परीक्षक बाई बाहेरून आलेल्या, भलत्या कडक. हेडबाईंनी शिपाई शिंद्यांना खुर्चीत बसवलं. पोरीच्या हातातला दोरा थरथरतोय, शिंदे तिच्याहून जास्त थरथरतायत. एक भुवई झाली. काय सुबक झाली होती म्हणून सांगू! दुसरीला दोरा लागला मात्र, शिंदे उठले ते थेट स्टेशनच्या दिशेने.

पोरगी हातात दोरा घेऊन व्हरांड्यात आली आणि हंबरडा फोडला, "बाई, माझे अर्धे मार्क पळाले!"

* * *

हा मात्र मला हसत सांगता येत नाही. एक मुलगा पहिल्या दिवशी चुकून संस्कृतच्या वर्गात बसला. घेतला होता ऑटोमोबाइल. अख्खी सहामाही तिथेच बसला. परीक्षेचे पेपर तपासताना बाईंच्या लक्षात आलं की या नावाचा मुलगा आपल्या यादीतच नाही.

"अरे, मग इतके महिने बोलला का नाहीस?"

"बाई, उठून गेलो असतो तर सगळ्यांनी बघितलं असतं ना!"

* * *

मला कुणी विषय विचारला नव्हता. मी शाळेत आले ती फडकं घेऊन. अक्षरं शिकले ती बाटल्यांवरून, तीही इंग्रजी आधी, कारण ॲसिडच्या बाटलीवर मराठी नव्हतं. हौस म्हणून नाही, भीतीने शिकले. ज्याचं नाव वाचता येत नाही ते हातावर सांडलं की काय होतं, हे पहिल्याच महिन्यात कळलं. डाग अजून आहे. नंतर पोरांची पुस्तकं एकेक करून वाचून काढली. कुणाच्या उपकाराखाली नाही मी.

एकदा नवे सर आले, एमएस्सी. लेबल गळून पडलेली बाटली उघडून वास घ्यायला नाकाशी नेली. मी हातातून हिसकावून घेतली. सर लाल झाले. "मावशी, तुमचं शिक्षण किती?"

म्हटलं, "तुमचं नाक वाचवण्यापुरतं!"

* * *

आता मिलिंदचं. हा बाहेर लोकांना दरडावून सांगतो, आधी मेन बंद करा. आणि मागच्या वर्षी घरात मिक्सरचा प्लग पॉइंट चालू लाइनवर उघडून बसला. "दोन मिनिटांचं काम आहे गं." हात चिकटला. तोंडातून आवाज निघेना, नुसते डोळे माझ्याकडे. मी ओरडले, "प्रज्ञा, मेन बंद कर!" पोर जिन्याखाली मीटरकडे धावली. मी मोरीतलं कपड्यांचं लाकडी धोपटणं उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. सुटला. तळहात भाजला, जीव राहिला.

तेव्हापासून चाळभर सांगत फिरतो, "आईने मनगट मोडलं, पण पोरीने वेळेवर मेन ओढला म्हणून वाचलो." आणि त्याच पोरीला घरात साधा बल्ब बदलू देत नाही. हत्यारांच्या पिशवीला कुलूप!

त्या दिवशी प्रयोगशाळेत मी तोंडाने पोरीच्या बाजूने भांडत होते. पण खोटं कशाला बोलू, मीही घाबरले होते. त्याचे ते डोळे मी विसरले नव्हते. त्याने सही करू नये असं एक मन म्हणत होतं, आणि त्या मनाची मला लाज वाटत होती. म्हणून आवाज आणखी चढवत होते.

एक वाजायला दहा मिनिटं. मिलिंदचा आवाज फुटला. "ब्युटी घे, संस्कृत घे, काहीही घे. ज्या पोरीने मला त्यातून ओढून काढलं, तिलाच परत त्यात ढकलू? कळत कसं नाही तुम्हाला?"

प्रज्ञा पुढे झाली. तिने फॉर्म टेबलावर सरळ केला, पेन त्याच्यासमोर ठेवलं. त्याच्या भाजलेल्या हाताकडे बघत म्हणाली,

"पप्पा, त्या दिवशी मेन मी बंद केलाच नव्हता, जिन्याखाली बारा स्विच होते, आणि त्यातला आपला कुठला ते मला कुणी दाखवलंच नव्हतं."