बारावं नाव

गादीवाल्या चाचांच्या दुकानात एक मोबाइल होता आणि त्याला हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती. खुद्द चाचांनाही नव्हती. भिंतीवरच्या लाकडी फळीवर तो चार्जरला कायमचा जोडलेला असायचा. त्याच्यावर रुईचे तंतू बसले की चाचा फुंकर मारायचे, तीही हातभर लांबून. अकोल्याच्या जावयाने त्यात जगभरातली रेडिओ स्टेशनं लागतात असं काहीतरी घालून दिलं होतं. चाचा जुनी हिंदी गाणी शोधायला गेले, अंगठा भलतीकडे पडला आणि अमेरिकेतलं एक स्टेशन लागलं. एक बाई गात होती. चाचा दाभण हातात धरून तसेच बसून राहिले. हे स्टेशन एकदा गेलं तर परत मिळायचं नाही, अशी त्यांची खात्री झाली. म्हणून त्यांनी ते बंदच केलं नाही. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा याला दोन वर्षं होऊन गेली होती.

"दुनियेत हजारो स्टेशन हायेत," ते म्हणायचे. "हे बाई एकडाव गर्दीत गेली, तं मी तिले कुठं पाहू?"

नेट गेलं की ते फळीसमोर हात बांधून उभे राहायचे, दवाखान्यात खाटेशेजारी नातेवाईक उभे राहतात तसे. आवाज परत आला की "आली, आली" म्हणत गादीवर जाऊन बसायचे.

मी नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे अमरावतीत पहिले काही महिने मी फार जपून वागले. म्हणजे कोणाशी बोललेच नाही. तोंड उघडलं की 'मले' बाहेर पडेल आणि वर्ग हसेल, ही एक भीती. इंग्रजीच्या तासाला उभं करतील ही दुसरी. मुलींच्या खोल्या होत्या त्या माडीवरची माझी खिडकी बरोबर चाचांच्या दुकानावर उघडायची. सकाळी साडेसहाला रुईचा वास आणि ती गाणी दोन्ही एकदमच वर यायची. सोल म्हणतात त्या गाण्यांना, हे मी पुढे शोधून काढलं. देवासमोर सुरू झालेलं गाणं हळूहळू घरच्या भांडणावर यावं, तशी ती वाटायची. चाचांचं मत वेगळं होतं. "कव्वाली हाये हे," ते म्हणायचे. "टाळ्या बी त्याच, तडफड बी तेच. फक्त पेटी मोठी हाये."

खोलीसाठी गादी भरून घ्यायला मी पहिल्यांदा खाली गेले. चाचांनी विचारलं, "काय शिकतं व?" मी बी.ए. म्हणाले. "इंग्रजी असते?" मी हो म्हणाले. सक्तीचं इंग्रजी असतं आणि बारावीला मी इंग्रजीत काठावर पास झाले होते, हे सांगायचं राहून गेलं. त्या दिवसापासून माझं नाव 'कॉलेज' पडलं आणि रेडिओ माझ्या गळ्यात.

"ए कॉलेज! ये इकडं. काय म्हनून राहिली हे बाई?"

मला एक अक्षर कळत नव्हतं. कळत नाही असं म्हणणं मात्र मला त्याहून अवघड होतं. बाईचा आवाज फार ओढ लावणारा होता, म्हणून मी म्हणाले, "तिच्या घरची विहीर आटलीय." चाचांनी मान हलवली. काही दिवसांनी तेच गाणं लागलं तेव्हा मी विहीर विसरले होते, म्हणाले, "आईची आठवण काढतेय." तिसऱ्यांदा बाहेर आभाळ आलं होतं, म्हणून मी तिला पावसाची वाट बघायला लावलं. चाचा प्रत्येक वेळी "असं काय" म्हणायचे आणि पुढचा टाका घालायचे. आपण अगदी बेमालूम निभावून नेतो, अशी माझी समजूत होती.

चाचांची एक पद्धत होती. दहापर्यंत पिंजायचं यंत्र लावायचं नाही, कारण त्याच्या घरघरीत गाणं बुडतं. सकाळी फक्त हाताचं काम: खोळ शिवायची, रुई बसवायची, दाभणाने टाके घालायचे. त्यांना खोकला होता. रुई पिंजता पिंजता आयुष्य गेलं, तिचा काही भाग छातीत जमा झाला, असं ते सांगायचे. रविवारी सकाळी त्या स्टेशनवर फर्माइशींचा कार्यक्रम असायचा. तिथे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. चाचांना याची भारी गंमत वाटायची. "त्यायचा शनिवार सरला नाई अजून. आपला रविवार निंगाला बी." कार्यक्रम करणारा माणूस म्हातारा असावा, प्रत्येक नावाआधी तो खाकरायचा. चाचा त्याला 'बुवा' म्हणत आणि तो खाकरला की स्वतःही खाकरून घेत.

फर्माइशीचं प्रकरण मला चाचींनी सांगितलं. चाची दुकानाच्या मागच्या खोलीत असत आणि आपण रेडिओ ऐकतच नाही असं दाखवत. लग्न ठरलं तेव्हा चाची मूर्तिजापूरला माहेरी होत्या. चाचांनी रेडिओला पोस्टकार्ड धाडलं आणि निरोप पाठवला की अमक्या दिवशी ऐका. अख्खं माहेर रेडिओभोवती बसलं. फर्माईश वाचली गेली. मोहल्ल्यातल्या दोस्तांची नावं, चाचांचं नाव, त्यांच्या धाकट्या भावाचं नाव, जो तेव्हा रांगत होता.

"अकरा नावं होती," चाची म्हणाल्या. "माह्यं नव्हतं."

"लाज वाटली," चाचा पुढून ओरडले. "लगन व्हायचं होतं अजून!"

"रांगनाऱ्या पोराचं नाव होतं," चाची म्हणाल्या. इतक्या वर्षांनीही त्यांच्या आवाजात त्या रेडिओची धग होती.

मग त्या पावसाळ्यात डॉक्टरांनी चाचांना सांगितलं की आता रुई सोडा. दिवाळीनंतर दुकान बंद करून दोघांनी अकोल्याला मुलीकडे जायचं ठरलं. त्या संध्याकाळी चाची बाजारात गेल्या असताना चाचांनी मला हाक मारली. आवाज बारीक केला. "कॉलेज, जायच्या आंधी एक काम करून टाकू. बुवाले फर्माईश धाड. पयलं नाव शमीमबानो."

चाचींचं नाव शमीमबानो आहे, हे मला तेव्हा कळलं. चाचा त्यांना 'रुखसानाची माय' म्हणायचे. ते नाव घेताना त्यांनी दाभणाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

पुढे त्यांनी अकरा नावं सांगितली. मुलगी, जावई, दोन नाती, समोरचा चहावाला देवराव, घड्याळवाले, तो रांगणारा भाऊ, जो आता आजोबा झाला आहे... अकरावं 'कॉलेज'. मी म्हणाले, "चाचा, एवढी नावं इंग्रजी रेडिओवर नसतात हो." ते म्हणाले, "फर्माईश म्हंटली का नावं असते. नाई तं थे अर्जी झाली." मी वहीत सगळं उतरवून घेतलं.

आता लिहायचं इंग्रजीत. मला इंग्रजीत एकच पत्र येत होतं, रजेचा अर्ज. 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं की हात आपोआप मला ताप आलाय असं लिहू लागायचा. तीन रात्री मी तापाच्या पुढे गेले नाही. बुवा ते वाचतील, अमेरिका हसेल, असं मला खरोखर वाटायचं. वर्ग हसेल ही भीती एव्हाना एवढी मोठी झाली होती. चौथ्या दिवशी मी जिना उतरत असताना चाचांनी विचारलं, "धाडलं?" मी घाईत म्हणाले, "हो."

आणि मग रविवार सुरू झाले. चाचा धुतलेली टोपी घालून बसायचे. देवराव दोन चहा जास्त घेऊन यायचा, कारण यादीत त्याचं नाव होतं हे त्याला कळलं होतं. चाची भांडी घासता घासता थांबायच्या. बुवा खाकरायचा, नावं वाचायचा, त्यात आमचं कोणी नसायचं. मी दर शनिवारी ठरवायचे की आज लिहीन, आणि दर रविवारी चाचांशेजारी बसून, चेहऱ्यावर काळजी आणून म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात वाचतील." असे सात रविवार गेले. एखाद्या मुलीला निगरगट्टपणाचा विषय घेऊन परीक्षा देता आली असती तर मी काठावर नाही, वरच्या श्रेणीत पास झाले असते.

आठवा रविवार शेवटचा होता. सामान बांधून झालं होतं, सोमवारी मालाची गाडी यायची होती. बुवाने कार्यक्रम संपवला. चाची हातातला सांडसा घेऊन बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलल्या.

"लिवलंच नसन तुमी. तवा बी लाजले, आता बी लाजले. काहून खोटं सांगता म्हातारपनी?"

"हिले इचार," चाचा म्हणाले. "कॉलेजनं धाडलं."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. चाचांच्या नजरेत इतका निर्धास्त विश्वास होता की मला पळून जावंसं वाटलं. दारात देवराव उभा होता, म्हणून पळता आलं नाही.

"मी धाडलंच नाही," मी म्हणाले. "मले इंग्रजी येत नाही, चाचा." कॉलेजात आल्यापासून 'मले' पहिल्यांदाच तोंडातून निसटलं.

रेडिओवर साबणाची असावी अशी जाहिरात चालू होती. मग चाचा सावकाश म्हणाले, "थे तं मले मालूम हाये. त्या गान्यात पयले विहीर होती, मंग माय आली, मंग पानी आलं. म्या म्हंटलं, लय मोठं गानं हाये."

देवराव हसला. चाचा हसले नाहीत. "पन फर्माईश नाई धाडली, हे नव्हतं मालूम," ते म्हणाले आणि खोकले. मला त्यांनी एवढंच बोलून सोडलं, आणि तेच अजून सुटलेलं नाही.

चाचींनी सांडसा माझ्याकडे रोखला. "यांनी नावं सांगतली होती?"

"हो."

"कागद दाखव."

मी वर धावले, सक्तीच्या इंग्रजीची वही घेऊन आले. चाची म्हणाल्या, "वाच." मी बसून वाचू लागले तर म्हणाल्या, "तसं नाई. रेडिओवानी वाच." मग मी उभी राहिले. घसा खाकरला आणि मोठ्याने वाचलं, "अमरावतीहून फर्माईश करतात शमीमबानो..." आणि पुढची अकरा. शेवटचं नाव 'कॉलेज'.

"पयलं माह्यं हाये?"

"पहिलं तुमचंच आहे."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. चाचा पाठ फिरवून एका बांधलेल्या गादीची गाठ सोडत आणि परत बांधत होते.

पत्र त्याच बैठकीत माझ्या मोबाइलवर लिहिलं. चाची माझ्या डोक्यावर उभ्या होत्या. मी म्हणाले, मला फक्त रजेचा अर्ज येतो. त्या म्हणाल्या, "मंग तोच लिही. ताप असला तं ताप लिही, पन आज लिही." तसंच लिहिलं. आदरणीय महोदय, नम्र विनंती की आम्हाला एक गाणं मंजूर करावं. आपली आज्ञाधारक शमीमबानो, आणि खाली अकरा नावं. ताप तेवढा गाळला. चाचींनी स्वतःच्या बोटाने ते स्टेशनच्या ईमेलवर धाडलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत चाचा पुढे बसले, मांडीवर चालू मोबाइल. माझी पॉवर बँक मी त्यांना दिली. निघताना मला राहवलं नाही. म्हणाले, "चाचा, त्या हृदयाच्या चित्रावर बोट ठेवलं की स्टेशन कायमचं राहतं. मला पहिल्यापासून माहीत होतं, पण तुमच्या मोबाइलला हात लावायची हिंमत झाली नाही."

"जावयानं सांगतलं होतं," चाचा म्हणाले. "पन मंग बंद करायची आदत लागते."

गाडी गेली. मूर्तिजापूरजवळ नेट गेलं, तेव्हा चाची म्हणाल्या म्हणे, "माह्या माहेरापाशीच कशी मुकी होते हे बाई!"

दोन रविवारांनंतर मी खोलीत माझ्या मोबाइलवर ते स्टेशन लावून बसले होते. बुवा खाकरला. भारतातून पत्र आलंय म्हणाला. मी ते समजू शकले, कारण पुढची वाक्यं माझीच होती. इतकं नम्र पत्र आपल्याला कोणी लिहिलं नव्हतं, गाणं मंजूर आहे, असं काहीसं तो म्हणाला. मग 'शॅमीम बॅनो' असं मोडतोडीचं, पण स्पष्ट नाव. मग तो यादीशी थबकला, हसला, आणि म्हणाला, आणि त्यांची मित्रमंडळी. एवढंच. गाणं सुरू झालं. तीच बाई.

मी अकोल्याला फोन लावला. चाचींनी उचलला. मागे चाचा तावातावाने बोलत होते, "अन् देवराव कुठं गेला? कॉलेज कुठं गेली? हे काय फर्माईश झाली?"

चाचींनी फोन तोंडाजवळ घेतला. मग हळूच म्हणाल्या, "अकराच्या अकरा गाळले नं त्यानं?"

"हो चाची."

"एक बी नाई वाचलं?"

"एकही नाही."

"बरं झालं," चाची म्हणाल्या.

फोन कोणीच ठेवला नाही. इकडे ती बाई गात होती आणि फोनमधून, थोडी मागे पडून, तिकडेही गात होती.

"कॉलेज," चाचींनी विचारलं, "काय म्हनून राहिली व ते?"

विहीर, आई, पाऊस, सगळं तोंडापर्यंत आलं.

"चाची, मले नाही समजत."

"मंग चूप बस," त्या म्हणाल्या. "आयकू दे."