मोहा काफी मिळेल

१९ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी सकाळी, मंजुषाच्या पदराच्या गाठीत एकशे दहा रुपये होते आणि तेवढ्याच पैशांत तिला पाटी रंगवून घ्यायची होती. पत्रा घरचाच होता, जुन्या कोठीच्या झाकणाचा. रंग आणि हात गोपाल पेंटरचा. हिंगणीत दुकानांवर, शाळेच्या भिंतीवर, ट्रॅक्टरच्या मागे जे काही लिहिलेले दिसते ते गोपालच्याच हातचे. त्याचा भावही ठरलेला. अक्षरामागे पंधरा रुपये, काना-मात्रा-वेलांटी फुकट, जोडाक्षर एकच धरायचे.

"सांगा वहिनी, काय लिहू?"

"मोहफुलाचे लाडू व तरोट्याची काफी मिळेल."

गोपालने बोटांच्या पेरांवर मोजले. "सतरा अक्षरं झाले. दोनशे पंचावन्न."

"एवढे नाईत माह्याजवळ. एकशे दहा हायत."

"मंग सात अक्षरं."

दोघेही पत्र्यासमोर उकिडवे बसले आणि शेतातले तण काढावे तशी अक्षरे काढू लागले. 'व' आधी गेला. 'मोहफुलाचे'चे 'मोहा' झाले. तरोट्यावर गोपालने सरळ काट मारली. "तरोटा वाचून कोन गाडी थांबवते वहिनी? ढोरं नाई तोंड लावत त्याले." शेवटी लाडूवर येऊन गाडी अडली.

"लाडू काढला तं मोहा कायचा, हे कसं समजन?"

"मोहा म्हनलं का तुमच्याकडं लाडूच ना? का दुसरं काही ठेवता?"

"हट, मेल्या!"

"मंग झालं तं."

मंजुषाला ते पटले. फक्त मोहा आणि काफीच्या मध्ये थोडी जागा सोडजो, असे तिने बजावले. जागेचे पैसे आपण घेत नाही, असे गोपालने मोठ्या मनाने सांगितले. पण धावत्या गाडीतून वाचता यावीत म्हणून अक्षरे त्याने ढोबळ काढली, पत्रा तोकडा पडला, आणि सातही अक्षरे खांद्याला खांदा लावून बसली. एकशे पाच रुपये झाले. सुटे नव्हते म्हणून उरलेले पाच गोपालकडेच राहिले.

टपरी होती हिंगणीहून बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घरच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून. खांबांना चार बल्ल्या, वर तुराट्यांचे छप्पर, एक चूल, एक किटली आणि लाकडी बाकडे. या रस्त्याने नागपूर-वर्ध्याचे लोक जंगलात वाघ पाहायला जातात आणि बहुतेक वेळा न पाहता परत येतात.

मंजुषाचे माहेर त्याच जंगलाच्या कडेचे. तिथे पडीत जागेत तरोटा, म्हणजे टाकळा, माजतो. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी सगळेच करतात, पण दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की तिची आई त्यातले बी काढी, कढईत पार काळे होईस्तोवर भाजी, जात्यावर दळी, फडक्याने गाळी आणि दुधागुळात उकळी. जे तयार होई त्याला माहेरी काफी म्हणत. खरी कॉफी मंजुषाने लग्नानंतर एका लग्नातच चाखली आणि ती तिला पाणचट लागली. मोहफुलाचे लाडूही आईचेच. वाळलेली फुले तुपावर परतायची, तीळ आणि शेंगदाण्यांबरोबर कुटायची आणि कोमट असतानाच वळायची. थंड झाले की ते वळत नाहीत आणि फार गरम असले की हात भाजतो. तेवढा मधला वेळ ज्याला साधतो त्याचा लाडू.

वीस वर्षे हिंगणीच्या घरात तिच्या हातचे सगळे जेवत आले होते. ताटात पडले ते खाल्ले, हात धुतले, उठले. "अजून दे" असे कोणी म्हटल्याचे तिला आठवत नव्हते. नवरा धनंजय बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जाई. त्याला झोप आणि भाकर यांतला फरक कळत नसे. आपल्या हातचे कोणीतरी वाट वाकडी करून यावे आणि मागून खावे, एवढी एकच हौस मंजुषाने मनात धरली होती.

आडवे आले ते सासरे. वासुदेवरावांचे नाव पंचक्रोशीत दारूमुळे होते, म्हणजे दारू फोडण्यामुळे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असली तरी नाल्याकाठी मोहाची हातभट्टी कुठे ना कुठे लागतेच. तरुणपणी वासुदेवरावांनी अशा कितीतरी भट्ट्या काठीने उलट्या केल्या होत्या. सून रस्त्यावर चूल मांडणार म्हटल्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाडव्यापावतर चालव. पन घराच्या नावावर एक बोट जरी उठलं, तं त्याच दिवशी टपरी उचलाची. मंजूर?"

"मंजूर, मामाजी."

तरोट्याची काफी त्यांनी आजवर ओठाला लावली नव्हती. गोपालसारखेच ढोरांचे कारण ते सांगत.

पाटी लागली आणि तिसऱ्याच दिवशी गाड्या थांबू लागल्या. मंजुषा हरखली. पण गिऱ्हाईक जरा विचित्र होते. बहुतेक मोटारसायकलवाले, तोंडाला दुपट्टे बांधलेले. आजूबाजूला पाहत आणि आवाज खाली घेत.

"काफी हाय ना?"

"हाय ना भाऊ. आताच उकळली."

"आताच? कशी देता?"

"वीस रुपये कप."

"कपानं देता?" दोघे एकमेकांकडे पाहत. "स्वस्त हाय बाप्पा. दे दोन."

ती दोन कप काफी देई. ते हुंगत, एक घोट घेत आणि चेहरा असा करीत, जसे काही देवळात जायला निघालेला माणूस चुकून शाळेत शिरला.

"हे काय हाय?"

"काफी."

"आन् मोहा?"

"तो हा घ्या," म्हणून ती लाडू पुढे करी.

कोणी पैसे टाकून मुकाट्याने निघून जाई. एकाने डोळा बारीक करून विचारले, "मांगच्या बाजूनं काही भेटते का?" मागच्या बाजूला तुरीचे वावर होते, तेच तिने दाखवले. एकजण मात्र बराच वेळ हसला, बाकड्यावर नीट बसला, काफी संपवली आणि जाताना घरी न्यायला दहा लाडू बांधून घेतले. त्याला हसायला काय झाले ते मंजुषाला कळले नाही.

कळले ते पुढच्या आठवड्यात. वासुदेवराव सेलूच्या बाजारात गेले होते. तिथे धान्याच्या अडत्याने, नत्थूजीने, चारचौघांत त्यांना विचारले, "काऊन हो वासुदेवराव, जन्मभर भट्ट्या फोडल्या, आन् आता सुनेनं पाटी लावली म्हनते, मोहा काफी मिळेल? थोडाथोडका नाई, काफी!"

दुकान हसण्याने दणाणले.

वासुदेवराव बाजार न करताच परतले. रिकामी पिशवी हातात घेऊन ते सरळ टपरीवर आले आणि पाटीसमोर उभे राहून त्यांनी ती मोठ्याने वाचली. आधी मराठीत वाचली. मग इकडे सगळ्यांना येते त्या हिंदीत वाचली.

"मोहा काफी मिळेल. मोहा, काफी मिलेगा! अर्थ समजला का तुले? भरपूर दारू भेटन, असं लिवलं तू माह्या वावराच्या धुऱ्यावर!"

मंजुषाच्या हातातला झारा तसाच राहिला. आठवडाभरातली ती सगळी तोंडे, ते दुपट्टे, तो बारीक केलेला डोळा एकदम तिच्या डोळ्यांसमोरून गेले. "मायबाई!" एवढेच तिच्या तोंडून निघाले.

"बोट उठलं. बोल ठरलेला होता. उद्या रविवार हाय, दूध घेऊन ठेवलं असशील, तेवढं खपव. उद्या संध्याकाळी टपरी उचल."

अक्षरे सात होती, पैसे एकशे दहा होते, हे सांगून काय उपयोग? रात्री तिने उरलेली सगळी फुले परतली आणि शेवटचे म्हणून लाडू वळले. एकही फुटला नाही.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास जंगलातून परतणारी पहिली गाडी थांबली. अमरावतीची एक शिक्षिका, वेदश्री, आणि तिच्याबरोबर शाळेतल्याच तिघीजणी होत्या. थंडीने कुडकुडत होत्या.

"दिसला का वाघ?" मंजुषाने विचारले.

"कुठला वाघ! मोर दिसले आणि एकमेकींची तोंडं दिसली," वेदश्री म्हणाली. "काय आहे गरम?"

त्या बाकड्यावर बसल्या. पहिला घोट घेऊन वेदश्री कपाकडे बघतच राहिली. "ही कुठली कॉफी हो? आमच्याकडे तर अशी मिळत नाही." मंजुषाने शेजारच्या धुऱ्यावरचे वाळके झुडूप उपटून दाखवले, तेव्हा चौघींनी ते झुडूप एकमेकींच्या हातांत फिरवून पाहिले. वासुदेवराव थोडे दूर बल्लीला टेकून उभे होते. टपरी उचलायला संध्याकाळी माणसे सांगितली होती, पण ते सकाळपासूनच येऊन थांबले होते.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली. जमादार किसनराव उतरले, पाटीखाली उभे राहिले, कमरेवर हात ठेवून त्यांनी ती वाचली.

"बाई, तक्रार आली हाय. मोहा कुठं हाय?"

"त्या डब्यात साहेब."

"कबूलच करते! किती हाय?"

"पन्नासेक हाय."

"पन्नास लिटर?"

"नाई साहेब, पन्नास नग."

किसनराव थांबले. "आन् किटलीत काय हाय?"

"काफी."

"काफी म्हनजे किती?"

"काफी म्हनजे काफी, साहेब!"

वेदश्रीला आधी पाटी दिसली, मग जमादाराचा चेहरा, आणि तोंडातला लाडू सांभाळता सांभाळता तिची पुरेवाट झाली. तिघी मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसू लागल्या. किसनरावांनी मात्र डबा उघडला, लाडू नाकाशी नेला आणि मान हलवली. "वास तं मोहाचाच हाय."

"फूल मोहाचंच हाय, तं वास कोनाचा येईन?" मंजुषा म्हणाली. तिने नजर खाली घेतली नाही. "खाऊन पाहा साहेब."

"ड्यूटीवर हाय मी. मोहाचं काही तोंडात टाकलं, असं कोनी म्हनलं तं? आधी तुमच्या घरचं कोनी खाऊन दाखवा."

सगळ्यांची डोकी बल्लीकडे वळली. भट्ट्या फोडणारा म्हातारा जीपसमोर पावले टाकत आला. त्याचे एक वाक्य पुरेसे होते. माझा याच्याशी संबंध नाही, एवढे म्हटले असते तर टपरी तिथेच संपली असती, संध्याकाळची वाटही पाहावी लागली नसती. मंजुषाने कप भरला. तो तिने त्यांच्यापुढे केला.

वासुदेवरावांनी डब्यातला लाडू उचलला आणि आख्खा तोंडात टाकला. सावकाश चावला. मग कप घेतला, बशी मागितली, फुंकर मारली आणि एक घोट घेतला. दुसरा घेतला. बशी रिकामी झाली. कपातली उरलेली ओतली, तीही गेली.

त्यांनी बशी पुढे केली.

"अजून हाय का?"

वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मागितले होते. मंजुषाने किटली उचलली, आणि तोंडातून जे यायचे तेच आले.

"काफी हाय, मामाजी."

आता किसनरावसुद्धा हसले, आणि ते जीपला हात टेकवून हसले. वासुदेवराव हसले नाहीत. जमादाराकडे वळून म्हणाले, "चाळीस वर्षं मी मोहा उलटा करत आलो. असा कोनी करून देल्ला असता तं एकही भट्टी फोडा लागली नसती. तुम्ही खा किसनराव, मी सांगतो." किसनरावांनी दोन खाल्ले आणि अर्धा किलो घरी बांधून घेतले. तक्रार खोटी निघाल्याचे त्यांनी तिथेच बाकड्यावर बसून लिहिले, काफी पीत पीत.

वेदश्रीने पाटीखाली मंजुषाला उभे करून फोटो काढला आणि फोनवरून सगळीकडे पाठवला. "वाघ नाही दिसला, पण काफी दिसली," असे तिने त्याखाली लिहिले म्हणे. पुढच्या रविवारी गाड्यांची रांग धुऱ्यापासून वळणापर्यंत गेली. लोक पाटी पाहून आधी हसत, मग बसत, आणि जाताना लाडू मागून नेत. काही तर जंगलात न जाताच परत फिरले. टपरी उचलायला सांगितलेल्या माणसांनी जीप आली त्याच संध्याकाळी दुसरे बाकडे ठोकून दिले होते. पाडव्याला टपरीवर गुढी उभी राहिली आणि गुढीशेजारी वासुदेवराव. सेलूहून नत्थूजी मुद्दाम आला तेव्हा त्याला पहिला कप वासुदेवरावांनीच दिला आणि पैसे मोजून घेतले.

"पाटी बदलू का मामाजी?" मंजुषाने विचारले होते.

"कायले? तिच्यावरून तं येते सारे. पन एक शब्द राह्यला हाय, तेवढा घाल."

गोपाल डबा-ब्रश घेऊन आला. जागा नव्हतीच, म्हणून मोहा आणि काफीच्या डोक्यावर त्याने लाल रंगात, थोडे तिरपे, 'लाडू' लिहिले.

"दोन अक्षरं वहिनी. तीस रुपये."

त्यातले पाच त्याच्याकडे आधीच जमा होते. पंचवीस अजून द्यायचे आहेत.