बैलाच्या खांद्यावरचा हात

आमच्या गावचे दादाजी माणसाला रामराम घालायच्या आधी त्याच्या बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत. मला हे कधीच सरळ वाटलं नाही. दुसऱ्याच्या बैलाला फुकट कोण चोळतो?

मी चौथी नापास, पण माणूस ओळखतो. तेव्हा पवनारच्या सडकेपर्यंत आमचा रस्ता श्रमदानातून चालला होता. रस्ता झाला की गावचा पहिला सरपंच निवडायचा, हात वर करून. उभे दोघेच, दादाजी आणि मी.

दिवसभर मुरूम वाहून गाड्या सुटल्या की दादाजी पाण्याची बादली घेऊन बैलांत शिरत. एकदा मी आडवा आलो. "काऊन तपासून राह्यले जी आमचे बैल?"

"तपासत नाई जी, पुसून राह्यलो. लढाई थांबली का किस्नदेव सोता घोड्यायचे बाण काढे, पाणी दाखवे. गीता सांगनारा समद्यायले आठवते, घोडे धुनारा कोनाले आठवत नाई."

मारुतीच्या पारावरही ते हीच गोष्ट सांगत. मी मनात म्हटलं, देवाला मतं नव्हती मागायची.

खरं सांगतो, माझ्या चांद्याचा खांदा जुवाखाली सोलला होता. गाडी बंद ठेवली तर लोक हसतील, म्हणून मी वर गोणपाटाची पट्टी बांधून त्याला जुंपत होतो. निवडणुकीला दोन दिवस असताना दादाजींचा हात त्या पट्टीवर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भोवती सगळं गाव. ते एक शब्द बोलले असते तर माझ्यासाठी एकही हात वर झाला नसता.

ते वळून ओरडले, "उद्या मुरूम नाई! उद्यापासून गोटे फोडाचे. समद्यायचे बैल घरी राहू द्या."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "यात काईतरी डाव हाये."

तिनं पट्टी सोडली, जखम पाहिली. "असन डाव. बैलाची कातडी वाचवाचा."

तरी मी माझा हात माझ्यासाठीच वर केला. दादाजी निवडून आले. त्याच संध्याकाळी जवसाच्या तेलात हळद कालवून ते थेट माझ्या गोठ्यात.

"आता तं झाले ना सरपंच? सोडा हे नाटक."

"आतापरेंत हौस होती, भाऊ. आता कामच झालं."

चांद्या बरा झाला. दादाजी पुढे चार वर्षांनी गेले आणि गावाने मला सरपंच केलं. त्यांच्या मनात काय होतं, ते मला अजून पक्कं सांगता येत नाही.

एकदा बाजाराहून परतलेल्या एका गाडीपाशी मी तेलाची वाटी घेऊन गेलो. गाडीवाला खाली उतरला. "काऊन जी? निवडणूक आली का पुन्हा?"

देवाच्या घोड्यांची गोष्ट ओठावर आली होती. पण तो माझ्या हाताकडे ज्या नजरेनं पाहत होता, ती माझीच होती. मी वाटी घेऊन दुसऱ्या बैलाकडे वळलो.